डॉ. वसंत खानोलकर : कर्करोग, किरणोत्सर्ग आणि काळाचा हिशेब

१९५६ साली केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने दिल्लीहून एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. विषय होता अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम. दिल्ली विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी ते सिद्ध केले होते आणि पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याला प्रस्तावना लिहिली होती. या कामात कोठारी यांना ज्यांचे साहाय्य लाभले त्यांत डॉ. होमी भाभा यांच्याबरोबर मुंबईच्या एका वैद्यकीय संशोधकाचे नाव होते. ते नाव म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. अणूचे भौतिकशास्त्र सांगण्यास कोठारी आणि भाभा समर्थ होते. परंतु किरणोत्सर्ग माणसाच्या शरीरात शिरल्यावर दहा, वीस, तीस वर्षांनी काय घडते, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नव्हता. तो विकृतिविज्ञानाचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा होता.

भारतातील विकृतिविज्ञानाचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून डॉ. खानोलकर यांचा उल्लेख केला जातो. तोंडाचा कर्करोग, कुष्ठरोग आणि रक्तगट या विषयांवरील त्यांचे काम अभ्यासकांना परिचित आहे. किरणोत्सर्गाच्या दुष्परिणामांविषयी त्यांनी बजावलेली भूमिका मात्र फारशी चर्चिली जात नाही. आज दिल्ली आणि परिसरातील मोठ्या रुग्णालयांत किरणोपचाराने कर्करोगमुक्त झालेले काही थोडे रुग्ण अनेक वर्षांनी त्याच जागी वेगळ्याच जातीची गाठ घेऊन येतात. त्यांच्या आजाराचा विचार करताना खानोलकरांच्या कार्याच्या या बाजूची आठवण होणे स्वाभाविक आहे.

क्वेट्टा ते परळ

खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात, आज पाकिस्तानात असलेल्या क्वेट्टा येथे झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हा निव्वळ योगायोग असला तरी खानोलकरांच्या आयुष्याचा आणि किरणांच्या वैद्यकीय इतिहासाचा कालखंड जवळपास एकच आहे, हे ध्यानात ठेवणे उपयोगी ठरते.

वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिविज्ञानात एम. डी. ही पदवी मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. त्या काळी आपल्याकडे विकृतिविज्ञान हा विषय बव्हंशी शवविच्छेदनापुरता आणि परीक्षेपुरता मर्यादित होता. रुग्णालयातील डॉक्टर निदान करीत आणि प्रयोगशाळा फार तर त्या निदानाला दुजोरा देई. प्रयोगशाळा हे स्वतंत्र संशोधनाचे स्थान आहे, ही जाणीव रुजविण्यात खानोलकरांच्या पिढीचा मोठा वाटा आहे.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्या दुःखातून या रुग्णालयाची कल्पना पुढे आली. खानोलकर या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालक झाले. देशाच्या सर्व भागांतून येणारे कर्करोगाचे रुग्ण एका छताखाली पाहण्याची संधी भारतातील विकृतितज्ज्ञाला त्याआधी क्वचितच मिळाली असेल.

जागा आणि सवय

या संधीचा त्यांनी केलेला उपयोग पाहण्यासारखा आहे. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी सवयींमुळे उद्भवणाऱ्या कर्करोगांवर एक निबंध लिहिला. बिहारकडे तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण, म्हणजे खैनी, खालच्या ओठाच्या आत धरून ठेवण्याची चाल आहे. तेथील रुग्णांत कर्करोग नेमका त्याच जागी आढळत होता. आंध्रच्या किनाऱ्यावर जळते टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढणाऱ्यांत तो टाळूला होत असे. कमरेभोवती धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने जेथे कातडी घासली जाते, तेथे होणाऱ्या कर्करोगाला तर वैद्यकाच्या ग्रंथांत धोतराचे नाव मिळाले. काश्मीरमध्ये पोटाशी शेगडी धरून बसणाऱ्यांना होणारा कांगडी कर्करोग त्यापूर्वीच ज्ञात होता. खानोलकरांच्या अभ्यासाने अशा निरीक्षणांना संख्येचा आणि सूक्ष्मदर्शकाचा आधार मिळाला.

या सर्व अभ्यासांत एक समान सूत्र दिसते. कर्करोग शरीराच्या नेमक्या कोणत्या जागी झाला, आणि त्या जागी पूर्वी किती वर्षे काय घडत होते, हे दोन प्रश्न त्यांनी प्रत्येक वेळी एकत्र विचारले. काचपट्टीवरील पेशी केवळ गाठीची जात सांगतात. ती गाठ कशामुळे झाली याचे उत्तर रुग्णाच्या आयुष्यात असते. ही पद्धत आज सर्वमान्य वाटते. परंतु साथीच्या रोगांनी ग्रासलेल्या त्या काळच्या भारतात कर्करोग हा पाश्चात्त्यांचा किंवा श्रीमंतांचा आजार आहे, अशी समजूत सुशिक्षितांतही होती.

किरणांनी होणारा कर्करोग नेमका याच पद्धतीने ओळखला जातो. क्ष-किरणांचा शोध लागून सात वर्षेही झाली नव्हती तोच, १९०२ मध्ये, क्ष-किरणांमुळे झालेल्या त्वचेच्या कर्करोगाची पहिली नोंद जर्मनीत झाली. १९२२ मध्ये क्षयाने बाधित सांध्यांवर क्ष-किरणांचे उपचार घेतलेल्या रुग्णांना त्याच जागी हाडाचा सार्कोमा झाल्याचे जर्मनीतच नोंदले गेले. येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. त्वचा किंवा अवयवांच्या अस्तरापासून होणाऱ्या कर्करोगाला कार्सिनोमा म्हणतात. हाड, स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या यांसारख्या आधार देणाऱ्या ऊतकांपासून होणारा कर्करोग म्हणजे सार्कोमा. तो एकूणच विरळ आहे, आणि किरणांमुळे होणारा त्याहूनही विरळ.

१९२० च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंगाने आकडे रंगविणाऱ्या तरुण मुलींची शोकांतिका उघडकीस आली. कुंचल्याचे टोक अणकुचीदार करण्यासाठी त्या तो ओठांत धरीत. रेडियम पोटात जाई आणि कॅल्शियमप्रमाणेच हाडांत साठून राही. काहींच्या जबड्याची हाडे झडली, काहींना पुढे हाडांचा सार्कोमा झाला. डॉ. हॅरिसन मार्टलँड या विकृतितज्ज्ञाने त्याची नोंद केली. मेरी क्यूरी यांचे १९३४ मध्ये झालेले निधन रक्तपेशी तयार होणे थांबल्यामुळे झाले, आणि त्याचा संबंध त्यांच्या आयुष्यभराच्या किरणोत्सर्गी पदार्थांच्या सान्निध्याशी लावला जातो.

उपचार म्हणून दिलेल्या किरणांमुळे होणाऱ्या सार्कोमाला शास्त्रीय चौकट मिळाली ती १९४८ मध्ये. न्यूयॉर्क येथील डॉ. विल्यम कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अकरा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि निदानाचे निकष घालून दिले. पूर्वीचा आजार सार्कोमाहून वेगळा असल्याचा पुरावा हवा. नवी गाठ किरण दिलेल्या क्षेत्रातच उद्भवलेली हवी. मध्ये बराच काळ, त्यांच्या मते किमान पाच वर्षे, रुग्ण लक्षणमुक्त राहिलेला हवा. आणि गाठ सार्कोमाच असल्याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री व्हायला हवी. कालावधीची अट पुढे काहीशी शिथिल झाली आणि तीन-चार वर्षांचे अंतरही मान्य होऊ लागले, परंतु हे निकष आजही मूलतः वापरात आहेत. त्यांत सूक्ष्मदर्शकाचे काम एकच आहे. बाकी सारी भिस्त जागेवर, काळावर आणि जुन्या कागदपत्रांवर आहे. खैनीचा आणि धोतराचा कर्करोग ओळखणाऱ्या विकृतितज्ज्ञाला हे तर्कशास्त्र परके वाटण्याचे कारण नव्हते.

दिल्ली आणि न्यूयॉर्क

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि खलाशी आजारी पडले. त्यानंतर महिन्याभरातच, २ एप्रिल रोजी, पंडित नेहरू यांनी लोकसभेत अणुचाचण्या स्थगित करण्याचे आवाहन केले. कोठारी यांचे पुस्तक हे त्या भूमिकेला शास्त्रीय आधार देण्याच्या प्रयत्नांचा भाग होते. भारताकडे तेव्हा ना अण्वस्त्रे होती, ना स्फोटांची गुप्त माहिती. जगभर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांवरूनच हा अभ्यास करावा लागला. एका नवस्वतंत्र देशाच्या राजधानीतून निघालेले ते पुस्तक परदेशांतही वाचले गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९५५ मध्ये अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी एक शास्त्रीय समिती स्थापन केली. तीत पंधरा देश होते आणि भारत त्यांपैकी एक होता. या समितीवर भारताचे प्रतिनिधी म्हणून डॉ. खानोलकर यांची नियुक्ती झाली. जीवशास्त्रज्ञ डॉ. ए. आर. गोपाल अय्यंगार हे त्यांचे सहकारी होते. पुढे १९६० च्या दशकात अय्यंगार या समितीचे अध्यक्षही झाले.

समितीचा पहिला अहवाल १९५८ मध्ये आमसभेला सादर झाला. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्या शास्त्रज्ञांनी एकाच मेजाभोवती बसून हा मजकूर तयार केला, ही गोष्टच दुर्मीळ म्हणावी लागेल. अणुस्फोटांतून बाहेर पडणारे स्ट्रॉन्शियम-९० हे मूलद्रव्य गवतातून गायीच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत जाते, ही चिंता त्या वेळी प्रमुख होती. रेडियमप्रमाणेच तेही कॅल्शियमच्या वाटेने हाडांत घर करते, म्हणून घड्याळे रंगविणाऱ्या मुलींचा अनुभव आता साऱ्या जगाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. किरणोत्सर्गाची एखादी पूर्ण सुरक्षित मर्यादा आहे की अल्पशी मात्राही थोडासा धोका निर्माण करते, याचा अंतिम निर्वाळा समितीने दिला नाही. दोन्ही शक्यता तिने मांडून ठेवल्या.

या अहवालाचा एक भाग वृत्तपत्रांत फारसा गाजला नाही, पण वैद्यकासाठी तो महत्त्वाचा होता. माणसाला बाहेरून मिळणाऱ्या कृत्रिम किरणोत्सर्गाचा मोठा वाटा बॉम्बमधून नव्हे, तर दवाखान्यातून येतो, हे त्यात स्पष्ट झाले होते. पाश्चात्त्य देशांत त्या काळी नायटे, मुरुमे, सुजलेल्या गाठी, पाठीच्या कण्याचा संधिवात अशा साध्या किंवा जीव न घेणाऱ्या दुखण्यांवरही क्ष-किरण दिले जात. कण्याच्या संधिवातासाठी असे उपचार घेतलेल्या रुग्णांत रक्ताचा कर्करोग अपेक्षेपेक्षा अधिक आढळतो, असे ब्रिटिश संशोधकांनी १९५७ मध्ये दाखवून दिले होते. बॉम्बविरोधी लाट उसळलेली असताना समितीने डॉक्टरांनाही त्यांची जबाबदारी दाखवून दिली, हा तिचा निःपक्षपातीपणा मानला पाहिजे.

भारताच्या वाट्याला या विषयात एक नैसर्गिक प्रयोगशाळाही आली होती. केरळच्या किनाऱ्यावरील नींदकरा आणि चवरा परिसरातील काळ्या वाळूत मोनाझाइट असते आणि त्यातील थोरियममुळे तेथील लोक पिढ्यान्पिढ्या अधिक किरणोत्सर्गात राहत आले आहेत. या भागाकडे समितीचे लक्ष सुरुवातीपासूनच वेधले गेले. खानोलकरांच्या मृत्यूनंतर, १९९० च्या दशकात, करुणागप्पल्ली तालुक्यात कर्करोगाची घरोघर नोंदणी सुरू झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत अशा नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचे दिसून आले नाही. हळूहळू, वर्षानुवर्षे मिळणारी अल्प मात्रा आणि उपचारासाठी काही आठवड्यांत एका जागी दिलेली प्रचंड मात्रा या दोन गोष्टी एका तराजूत तोलता येत नाहीत, हे त्यावरून लक्षात येते.

कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे

टाटा मेमोरियल रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत गेले. कर्करोगाच्या रुग्णालयाचा अणुऊर्जेशी काय संबंध, असा प्रश्न आजही अनेकांना पडतो. उत्तर सोपे आहे. कर्करोगाच्या उपचारांत किरणांचे महत्त्व वाढत जाणार, हे डॉ. भाभा यांनी ओळखले होते. खानोलकर अणुऊर्जा विभागाच्या जैविक सल्लागार समितीवर होते. किरण वापरावयाचे असतील तर त्यांचा जैविक परिणाम समजणारी माणसेही तेथेच हवीत, ही त्या काळची धोरणात्मक दृष्टी होती.

त्याआधी, १९५२ मध्ये, परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. ते खानोलकरांनी उभे केले. डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पेशींचे संवर्धन आणि उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे तंत्र येथे रुजविले. डॉ. एल. डी. संघवी यांच्याबरोबर खानोलकरांनी मुंबईतील विविध ज्ञातींच्या रक्तगटांचा अभ्यास केला. कुष्ठरोगात मज्जातंतूंवर होणाऱ्या परिणामांविषयीचे त्यांचे काम आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता पावले. याच केंद्रात कुष्ठरुग्णाच्या ऊतकापासून वेगळ्या केलेल्या जिवाणूला केंद्राच्याच आद्याक्षरांवरून नाव मिळाले आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगाची लस तयार करण्याचे प्रयत्न झाले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद आणि पद्मभूषण हे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. त्यांची यादी येथे लांबविण्याचे कारण नाही.

आजचा रुग्ण

खानोलकरांच्या काळात किरणोपचारानंतर वीस वर्षे जगणारा कर्करुग्ण हा अपवाद होता. तोंडाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण इतक्या उशिरा येत की, पुढील काही वर्षे काढणे हेच यश मानले जाई. दुसऱ्या कर्करोगाची चिंता करण्यासाठी आधी पहिल्यातून वाचावे लागते. आज परिस्थिती बदलली आहे. स्तनाचा, गर्भाशयमुखाचा, डोके व मान या भागांतील कर्करोग, लहान मुलांतील कर्करोग, लसिकाग्रंथींचा कर्करोग यांतून बरे झालेले रुग्ण दीर्घकाळ जगतात. म्हणूनच किरणोपचारोत्तर सार्कोमा हा वाढत्या यशाबरोबर आलेला प्रश्न आहे.

त्याचे प्रमाण अल्प आहे. किरणोपचार घेऊन दीर्घकाळ जगलेल्या शंभर जणांत एकाहूनही कमी व्यक्तींना तो होतो. बालवयात उपचार झालेल्यांत, तसेच डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमाचा आनुवंशिक प्रकार किंवा तत्सम जनुकीय दोष असणाऱ्यांत धोका अधिक असतो. बहुतेकदा तो किरणोपचारानंतर दहा किंवा अधिक वर्षांनी प्रकट होतो. या भीतीपोटी आवश्यक किरणोपचार नाकारणे म्हणजे दूरच्या अल्प धोक्यासाठी समोरचा निश्चित मृत्यू पत्करणे होय. वैद्यकात याविषयी मतभेद नाहीत.

मात्र झालाच तर हा आजार कठीण असतो. तो बहुधा आक्रमक जातीचा असतो आणि उशिरा ओळखला जातो. जबड्यावर किरणोपचार झालेल्या रुग्णाचे हाड दुखू लागले, सुजले, तर डॉक्टरांच्या मनात प्रथम किरणांमुळे हाड झडल्याची किंवा जुनाच कर्करोग उलटल्याची शंका येते. तिसरी शक्यता सुचेपर्यंत महिने जातात. स्तनाचा कर्करोग काढून किरण दिलेल्या काही स्त्रियांत त्वचेवर जांभळट, खरचटल्यासारखा डाग दिसतो. तो दुखतही नाही. तो रक्तवाहिन्यांचा सार्कोमा असू शकतो. किरणांमुळे होणाऱ्या निरुपद्रवी रक्तवाहिन्यांच्या बदलांहून तो वेगळा ओळखणे हे विकृतितज्ज्ञाच्या कौशल्याची परीक्षा पाहणारे काम आहे. अलीकडे मिक नावाच्या जनुकाच्या वाढलेल्या प्रती शोधून ते काहीसे सुकर झाले आहे.

उपचारांत शस्त्रक्रियेला पर्याय नाही. गाठ भोवतालच्या निरोगी ऊतकासह पूर्णपणे काढता आली तर रुग्ण बरा होण्याची आशा असते. अडचण अशी की, किरणांनी पूर्वीच कडक झालेल्या, रक्तपुरवठा कमी झालेल्या भागात जखम सहजी भरत नाही. त्यामुळे शरीराच्या दुसऱ्या भागातील त्वचा आणि स्नायू आणून बसवावे लागतात, आणि त्यासाठी कर्करोग शल्यविशारद व प्लॅस्टिक सर्जन यांनी एकत्र काम करावे लागते. पूर्वी भरपूर किरण घेतलेल्या जागी ते पुन्हा देण्यास फार मर्यादा असतात. निवडक रुग्णांतच, अचूक तंत्राने, तसा विचार होतो. रसायनोपचारांचा उपयोग गाठीच्या जातीवर ठरतो. हाडाच्या सार्कोमात ते महत्त्वाचे असतात, रक्तवाहिन्यांच्या सार्कोमात पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधे उपयोगी पडतात आणि इतरांत लाभ मर्यादित असतो. जुन्या अहवालांनुसार पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा दहा ते तीस इतकेच होते. अलीकडच्या काळात मोठ्या केंद्रांत, जेथे शस्त्रक्रिया पूर्ण होऊ शकली, तेथे ते चाळीस-पन्नासच्या आसपास गेल्याचे नोंदले गेले आहे. सार्कोमाचा अनुभव असलेल्या केंद्रात पहिलीच शस्त्रक्रिया होणे, यावर पुष्कळसे अवलंबून असते. गावातल्या दवाखान्यात साधी गाठ समजून ती अर्धवट कापली गेली, तर पुढची वाट अवघड होते.

दिल्ली आणि परिसरात अशा केंद्रांची सोय आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था कोठारी यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९५६ मध्ये, संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. तिच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. हरियाणातील झज्जर जिल्ह्यात बाढसा येथे याच संस्थेच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन २०१९ मध्ये झाले. रोहिणीतील राजीव गांधी कर्करोग संस्था १९९६ पासून कार्यरत आहे. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, हरियाणा येथून रुग्ण येथे येतात. त्यांच्यापैकी अनेकांचे पहिले उपचार पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच शहरात झालेले असतात. किरण कोणत्या भागावर, किती मात्रेत आणि कधी दिले, हे सांगणारा कागद अशा वेळी हातात असेल तर निदानाचा अर्धा मार्ग सरतो. तो नसेल तर त्वचेवरील काळवंडलेला चौकोन आणि नातेवाइकांची आठवण एवढाच आधार उरतो. डिस्चार्ज कार्डाबरोबर किरणोपचाराचा हा तपशील मागून घ्यावा आणि तो मुलाबाळांच्या शिक्षणाच्या दाखल्यांइतकाच जपून ठेवावा, असे सांगावेसे वाटते. बरे झाल्यावर हा आजार विसरण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, परंतु कागद फेकून देण्याची घाई नको.

कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी भारतात प्रथम १९६० च्या दशकात मुंबईत सुरू झाली. दिल्लीची नोंदणी १९८० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत उभी राहिली. एक हजार रुग्णांच्या नोंदी हाताने जमविणाऱ्या खानोलकरांच्या १९४४ च्या निबंधापासून ही वाट सुरू होते, असे म्हणता येईल. तरीही एकाच व्यक्तीचा पहिला उपचार आणि अनेक वर्षांनी दुसऱ्या राज्यात झालेले निदान यांची जोडणी करणे हे काम आजही अवघड आहे.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निधन झाले. त्यांनी उभारलेले संशोधन केंद्र १९६६ मध्ये रुग्णालयाबरोबर एकत्र होऊन टाटा मेमोरियल केंद्राचा भाग झाले होते. २००२ मध्ये संशोधनाचा हा विभाग परळहून नवी मुंबईतील खारघर येथे नेण्यात आला. तेथील प्रयोगशाळांच्या इमारतीला खानोलकर शोधिका हे नाव देण्यात आले.